ओठांवर न दिसणारा क

३ मार्च, सोमवार

सहीसाठी एक कागद पुढे आला, म्हणून ही वही उघडली. रोजनिशीचा नाद मला नाही. कॉलेजात होता, तो लग्नात गेला.

झालं ते असं. कामगार कल्याण अधिकाऱ्यांनी अकरा वाजता बोलावलं. कापड कारखान्याच्या पाळणाघराची प्रमुख म्हणून मी सही करायची, की टिकली, वय साडेचार वर्षे, ही 'मंदबुद्धी असून बोलू शकत नाही'. मजकूर टाइप करून तयार. खाली फक्त माझ्या नावाची जागा रिकामी. त्या कागदाच्या जोरावर शाळा तिला नाकारणार आणि मग तिची रवानगी परगावच्या निवासी शाळेत. आईला महिन्यातून दोनदा भेटता येईल, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलंय. केवढी मेहेरबानी!

"नुसती औपचारिकता आहे, मॅडम. एकवीस तारखेपर्यंत दिलीत तरी चालेल."

सही केली नाही. बोललेही नाही. जिभेवर आलं होतं ते बोलले असते, तर निवृत्तीला उरलेले चौदा महिने घरात बसून काढावे लागले असते. म्हणून इथे लिहिते. वही ऐकून घेते आणि वर चुगली करत नाही.

मंदबुद्धी म्हणे. या मुलीने गेल्या आठवड्यात माझ्या कपाटाची किल्ली हुडकली, स्टूल लावलं, बिस्किटांचा डबा काढला, तेवीस जणांना सारखी वाटणी केली, स्वतःची घेतली आणि डबा होता तिथे ठेवला. कल्याण अधिकाऱ्यांना जमेल का? त्यांना तर सणावारी मिठाई वाटतानाही दोन माणसं विसरायला होतात.

४ मार्च

डोकं थोडं थंड झालंय. जे आहे ते नीट लिहून काढते.

पाळणाघर मागखात्याला खेटून आहे. भिंत एकच. पलीकडे चौऱ्याऐंशी माग, अलीकडे चोवीस मुलं. माग चालू असले की कपातल्या दुधावर बारीक लाटा उठतात. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, तेव्हा मुलं दचकतात. शांततेला!

त्या खात्यात काम करणाऱ्या बायका आवाज काढतच नाहीत. काढून करायचं काय? ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, एकेक अक्षर कोरून. तीन मागांपलीकडच्या बाईशी घरचं सगळं बोलून होतं. सासू त्याच खात्यात असेल, तर तिची पाठ फिरेपर्यंत थांबायचं एवढंच.

आमच्या आयाबाई तिथल्याच. वीस वर्षं मागावर उभ्या होत्या, कान अधू झाले तेव्हा पाळणाघरात बदली मिळाली. इथेही ओठच हलवतात. मुलांना दूध हवं का, झोपायचं का, सगळं बिनआवाजी. दर दुसऱ्या रविवारी पहाटेच्या बसने परगावी जातात आणि सोमवारी जांभया देतात. काल बोललेच मी, "आयाबाई, रविवार झोपायला असतो." त्या नुसत्या हसल्या.

आज माग थांबल्यावर टिकलीच्या पाठीमागे मुद्दाम स्टीलची थाळी पाडली. सगळ्यांच्या आधी तीच वळली. बहिरी नाही. हे मी तारखेसह लिहून ठेवते आहे.

६ मार्च

शाळेत जाऊन आले. टिकली आणि तिची आई बरोबर होत्या. आई सुट्टीच्या अर्ध्या तासात आली होती, केसांत सुताचे तंतू तसेच.

मुख्याध्यापिकांनी टिकलीला नाव विचारलं. टिकलीने मान वर केली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि नाव सांगितलं. ओठांनी. आवाज अजिबात नाही. मग केळ्याचं चित्र दाखवलं. पुन्हा ओठ हलले, वर एक हसू.

"बघा. तोंड उघडतं, बाहेर काही येत नाही. आम्ही शिकवायचं तरी काय?"

"तिने उत्तर दिलं," मी म्हटलं.

"कुठे?"

आता कुठे म्हणून दाखवणार? आईच्या चेहऱ्यावर तर आनंद होता. मुलीने दोन्ही उत्तरं बरोबर दिली होती ना! आपल्या मुलीत शाळेला काय कमी दिसतंय, हे त्या माउलीला कळतच नव्हतं.

निघताना मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "तुमच्याकडची मुलं फार शांत असतात म्हणे. कौतुक आहे तुमचं." एरवी हे वाक्य मला आवडतं. वर्षानुवर्षं पाहुणे येतात, हेच म्हणतात, आणि मी ताठ होते. आज टिकलीचा हात धरून चालू लागले.

७ मार्च

दिवसभर एकाही मुलाला 'गप्प' म्हटलं नाही. जमतं. डोकं दुखतं.

१० मार्च

रुग्णालयात गेलो. टिकलीचे दोन्ही कान उत्तम. तसा अहवाल लेखी घेतला, शिक्क्यासकट.

मग वरच्या मजल्यावर वाचा-उपचाराच्या खोलीत. तिथली बाई म्हणजे पंचविशीची पोर, ओढणीला पेनाचे डाग. तिने टिकलीशी एक शब्द न बोलता जमिनीवर बसून ठोकळे रचले. दहा मिनिटं. मग ठोकळे पाडले. आणि टिकली बोलली! आवाजात!

"पदला!"

मी खुर्चीतून उठलेच. पोरीने मला हातानेच बसवलं. मला!

मग अर्धा तास दोघी खेळल्या आणि त्या बाईने लिहून घेतलं. प, ब, म स्वच्छ. त, द, न स्वच्छ. क नाही, त्याच्या जागी त. ग नाही, त्याच्या जागी द. काका म्हणजे ताता. कागद म्हणजे तादद. गाय म्हणजे दाय. घर म्हणजे दल.

"हे सगळ्यांचंच होतं," ती म्हणाली. "ओठांचे आवाज आधी येतात, कारण ते दिसतात. मग जिभेच्या टोकाचे. क आणि ग घशाजवळ होतात, बाहेरून दिसत नाहीत, ते ऐकूनच शिकावे लागतात. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत बरीच मुलं क-ला त म्हणतात. र तर कित्येकांना पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत येत नाही. हिला उशीर झालाय खरा. पण बुद्धीचा काही संबंध नाही."

"लिहून द्या."

"देईन. पण एकदा बघून कोणी मानत नाही. तुम्ही रोज लिहा. कोणाशी बोलली, कुठे, आवाजात की नुसत्या ओठांनी. तारखेसह." आणि मग, वही मिटता मिटता, "दिवसभरात हिच्या कानावर माणसाचा आवाज किती पडतो हो? हिच्याशी बोललेला?"

मी एकतीस वर्षं मुलं सांभाळते आहे. माझी परीक्षा घेणारी ही कोण? असं बसमध्ये घरापर्यंत मनात घोळवत आले. ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग उत्तर काय दिलंस?"

मी उठून कुकर लावला.

११ मार्च

मिळालं उत्तर. देवा, नको होतं.

चपलांच्या फळीमागे मुलं जमली होती. जेवणाची सुट्टी, माग बंद. मी दाराआड उभी राहिले. खेळ चालला होता 'बाई-बाई'चा, आणि बाई झाली होती टिकली. ओढणीऐवजी नॅपकिन खांद्यावर. दोन टाळ्या. बोट ओठांवर. आणि खणखणीत आवाजात —

"दप्प! सदले दप्प!"

मुलं खिदळली. टिकली पुन्हा, "दप्प!" माझी मान, माझ्या भुवया, सगळं तंतोतंत.

मी पुढे झाले. तिने मला बघितलं आणि लगेच आवाज बंद. ओठ हलवून मला म्हणाली, 'आम्ही खेळतोय.'

बंद पडला नाही, तिने बंद केला. नळ बंद करावा तसा. मुलांशी आवाज काढायचा, मोठ्यांशी ओठांनी बोलायचं, असं तिच्या डोक्यात पक्कं आहे. हीच तिची रीत, हाच तिचा शिष्टाचार! मोठी माणसं तिच्याशी तशीच तर बोलतात. शाळेत मुख्याध्यापिकांपुढे ती शहाण्यासारखी वागली. आणि आपण तिला मंद ठरवलं.

मोठ्या माणसाचा एकच शब्द तिने आवाजात ऐकलाय. तो माझा आहे.

१२ मार्च

संध्याकाळी टिकलीच्या घरी गेले. दुसरा मजला, एक खोली, खिडकीत दोरीवर निळी कापडं. दार उघडंच होतं. मोरीपाशी आई भांडी घासत होती, टिकली पुसत होती, दोघींचे ओठ सतत चाललेले. मधेच आई हसली, हातातली वाटी खाली ठेवून, खांदे हलवून हसली, टिकलीही हसली. आवाज फक्त भांड्यांचा. बाकीच्या मुलांच्या घरी आजी-आजोबा तरी बोलतात; इथे या दोघीच.

इतक्या गप्पा मी माझ्या मुलाशी आयुष्यात मारल्या नसतील.

रागावून गेले होते. तरी बोलले. "अहो, हिच्याशी आवाजात बोला."

आईचा आवाज निघाला तो सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा, सपाट. स्वतःचा आवाज किती मोठा झालाय ते तिला कळत नाही. "बाई, दिवसभर कान किटतात! घरी आल्यावर गप्प बरं वाटतं! आणि मी बोलले की शेजारी म्हणतात, भांडण लागलं!"

तिला काय बोलणार? तिच्या कानांतून बारा वर्षं मागावरचे धोटे गेलेत. तिच्यावर नाही रागावता येत. मग कुणावर? तिथे पाळणाघर बांधणाऱ्यावर. कारकुनाने विचारलं असणार, कुठे बांधायचं, आणि कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं असणार — हा कोपरा रिकामा आहे. इतकंच.

१३ मार्च

नोंद. आज टिकलीशी आवाजात बोललेली मोठी माणसं: मी. शब्द मोजले नाहीत. पुष्कळ. उत्तरं: सगळी ओठांनी.

१४ मार्च

उत्तरं ओठांनीच. 'मला ऐकू येत नाही' म्हणून पाठ फिरवून बसले. टिकली समोर येऊन बसली. पुन्हा पाठ फिरवली. ती पुन्हा समोर. असं सहा वेळा. सातव्यांदा माझ्या पाठीवर बोटाने टकटक आणि मागून आवाज — "बाई. इतदे बद."

बघितलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पुन्हा पाठ फिरवावी लागली.

१७ मार्च, सोमवार

वाचावाल्या पोरीने सांगितल्याप्रमाणे आरसा आणि चमचा. चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक हलकेच खाली धरायचं आणि म्हणायला लावायचं — त. टोक उचलता आलं नाही की जीभ मागून उचलते. आधी गुळण्या करून घशात गुरगुर. टिकलीला ते फार आवडलं, माझ्या साडीला कमी.

जागा पाळणाघर नव्हे. अंगणापलीकडची जुनी कोठी, तिथे मागांचा आवाज पोचत नाही. रोज वीस मिनिटं. घरी हे विचारतात, "क शिकवतेस की कवायत घेतेस?"

आज दुपारी बारा चाळीसला चमचा धरला. "त म्हण." तिने त म्हणायला घेतला आणि बाहेर पडला क.

तिनेच माझ्याकडे बघितलं. कोणी टाकला हा, असं. मग स्वतःच चमचा धरून पुन्हा. क. क. क. मग चमचा काढून — त. रागावली. चमचा घालून — क. सुट्टी संपेस्तोवर चाळीसेक वेळा. शेवटचे तीन बिनचमच्याचे.

आयाबाई दारात उभ्या होत्या. सोमवार असूनही जांभया दिसल्या नाहीत, किंवा मी बघितल्या नाहीत. टिकलीच्या गळ्यावर हात ठेवून त्यांनी तिचा क हाताने ऐकला. मग कोठीतून निघून गेल्या.

१८ मार्च

कल्याण अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. कानांचा अहवाल दाखवला. म्हटलं, दोष मुलीत नाही, भिंतीत आहे. पाळणाघर हलवा.

"मॅडम, एका मुलीसाठी इमारत हलवायची?"

"चोवीस मुलं आहेत."

"बाकीची बोलतात ना?" मग खुर्चीत मागे रेलून, "आणि एक सांगू? दोन वर्षांपूर्वी अशाच कागदावर तुम्ही सही दिली होती. तेव्हा भिंत नव्हती का?"

उठून आले.

इथे लिहायचं नव्हतं. सतरा तारखेपर्यंत लिहिलं नाही, आणि माझी मला खात्री होती की विसरले आहे. विसरले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी होती. तिच्या गळ्यातून आवाज निघत नसे. शहाणी, नीटनेटकी, सांगितलेलं करणारी. तिला सगळे मौनी म्हणत. सगळे म्हणजे, ते नाव ठेवलं मीच. पाहुण्यांना दाखवायची मी तिला, किती शांत आहे बघा म्हणून. साडेचारची झाली तेव्हा असाच कागद आला. असाच टाइप केलेला. मी उभ्या उभ्या सही केली. थाळी पाडून बघितली नाही. ठोकळे रचले नाहीत. रुग्णालयात नेलं नाही. कामाची गडबड होती. मार्चच होता.

मौनी परगावच्या निवासी शाळेत आहे. तिची आई दर दुसऱ्या रविवारी पहाटेच्या बसने तिला भेटायला जाते आणि सोमवारी माझ्या पाळणाघरात येऊन जांभया देते. आणि मी तिला सांगते, रविवार झोपायला असतो.

आयाबाई. दोन वर्षं माझ्यासमोर दूध गाळताहेत.

कुणावर रागावू आता?

१९ मार्च

शिक्षण कार्यालयात गेले. टिकलीचं प्रकरण परवा त्यांच्यापुढे आहे. खिडकीवरच्या बाई काटेकोर, माझ्याच जातकुळीच्या. वाचा-उपचाराचा दाखला घेतला, कानांचा अहवाल घेतला.

"रोजच्या नोंदी आहेत का? त्यांच्यावर सगळं ठरतं."

"आहेत. नक्कल करून देते."

"नक्कल कोणीही नंतर बसून लिहितो. मूळ वही लागेल. पानं फाडलेली असतील तर घेत नाही."

घरी येऊन वही उघडली. कालचं पान उजव्या हाताचं आहे. शिवण सैल आहे. जपून काढलं तर जोडीचं पानही सुटेल, कोणाला कळणार नाही. नोंदी टिकलीच्या आहेत, त्यांत माझ्या सहीचं काय काम? चौदा महिने उरलेत. एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही.

ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "ते पान नसेल तर वहीत तूच तेवढी शहाणी दिसशील."

"मग?"

"मग ते कल्याणवाले साहेब म्हणतील, बाईंना आत्ताच कसा पुळका आला? आणि तुझ्याकडे उत्तर नसेल."

या माणसाला पेपर वाचून इतकं कसं कळतं?

२० मार्च

टिकली आज मला 'गप्प' म्हणाली. आवाजात, तोंडावर. ग स्वच्छ. नोंद केली.

पान अजून वहीत आहे.

२१ मार्च, शुक्रवार. शिक्षण कार्यालय, बाकावर

सकाळी पाळणाघरात आयाबाईंना समोर बसवून अठरा तारखेचं पान वाचून दाखवलं. माग चालू होते. म्हणून त्यांच्या पद्धतीने वाचलं, बिनआवाजी, एकेक अक्षर ओठांनी कोरून. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांना सगळं समजलं.

त्यांनी माझा दंड धरला, कोठीत नेलं, दार लावलं आणि आवाजात बोलल्या.

"ती बोलते बाई. तिकडे गेली आणि सहा महिन्यांत बोलायला लागली. शांत जागा आहे ना. आता थांबवावं लागतं तिला. साहेबांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, सही बाईंची आहे, बाईंनीच मागे घ्यायला हवी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

दीड वर्ष ती बोलते आहे, आणि अजून तिकडेच.

खिडकीवर देत आहे ते: कानांचा अहवाल, पूर्वी दिला आहे. वाचा-उपचाराचा दाखला, पूर्वी दिला आहे. टिकलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज, एक. दोन वर्षांपूर्वीची सही चुकीची होती, ती मी मागे घेते आणि मुलीला तिच्या आईकडे परत पाठवावं, असा अर्ज, एक. त्यात तिचं खरं नाव लिहिलं आहे. ही वही, मूळ, एक. फाडलेलं पान नाही.

देणार, मी. पोच आयाबाईंच्या हातात द्यावी असं सांगितलं आहे.